अल्पविश्वासाचा आरोप

ख्रिस्ती कुटुंबांतील एखादी तरुण मुलगी महिनोन्महिने नीट झोंपत नाहीं, ताटावरून उठून जाते, अभ्यासाचें पुस्तक उघडून एकाच पानाकडे तास तास पाहत बसते आणि अखेर एके दिवशीं आपल्याला जगावेंसें वाटत नाहीं असें बोलून जाते. तेव्हां घरांतील वडील मंडळी, शेजारची मावशी आणि पुष्कळदां खुद्द पाळकसाहेब यांच्या मुखांतून बाहेर पडणारें पहिलें वाक्य ठरलेलें असतें: प्रार्थना कर, तुझा विश्वास कमी पडतो आहे.

या वाक्याच्या पूर्वार्धाविषयीं आमची तक्रार नाहीं. उत्तरार्धाविषयीं आहे, आणि ती कडक आहे. कारण त्यानें आजारी माणसाला आरोपी केलें जातें. आपण कोणाच्याच उपयोगाच्या नाहीं असें जिला आधींच वाटतें, तिला देवानेंही नापास केल्याचा निकाल ऐकविण्यांत येतो. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केल्याची सरकारदरबारीं नोंद आहे. त्यांत सर्व धर्मांचीं मुलें होतीं, आणि डॉक्टरच्या आधीं नवस, अंगारे, ताईत यांचा आग्रह धरणारीं घरेंही कांहीं थोडीं नाहींत. पण आज आम्हांला ख्रिस्ती घराशींच बोलावयाचें आहे. कारण त्या घराच्या हातीं जो ग्रंथ आहे, तोच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहींत. तोंपर्यंत त्यांचें वर्तन निर्दोष होतें. तोंड उघडल्यावर मात्र त्यांनीं हाच धोशा लावला कीं, तुझ्या हातून कांहीं पातक घडल्यावांचून हें दुःख तुजवर आलें नसतें. ग्रंथाच्या शेवटीं परमेश्वराचा कोप होतो तो या धर्मनिष्ठ वक्त्यांवर. तक्रारी करणाऱ्या ईयोबावर नव्हे. या पुस्तकावर प्रवचनें पुष्कळ होतात, पण त्या कथेंत आपली जागा कोणती, हें प्रवचनकारांपैकीं फार थोड्यांनीं पाहिलेलें दिसतें.

एलीयाची गोष्ट याहून बोलकी आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळविलेला हा संदेष्टा त्यानंतर लवकरच रानांत एका झुडुपाखालीं बसून मरण मागतो. त्याच्याकडे देवदूत येतो. पण तो उपदेश करीत नाहीं कीं बोल लावीत नाहीं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचें भांडें त्याच्या उशाशीं असतें. एलीया खातो आणि पुन्हा झोंपीं जातो. देवदूत त्याला पुन्हा उठवून पुन्हा खाऊं घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपण्याजोगी नाहीं. देवाची मंद वाणी त्याला ऐकूं येते ती यानंतर, चाळीस दिवसांच्या प्रवासाअंतीं. आमच्या घरांत हा क्रम उलटा लावलेला असतो.

यावर याकोबाच्या पत्रांतील वचन पुढें करण्यांत येतें: आजाऱ्यानें मंडळीच्या वडिलांना बोलवावें आणि त्यांनीं तेल लावून प्रार्थना करावी. खुशाल करावी. पण तेल हें त्या काळचें औषधही होतें. दृष्टांतांतील शोमरोनी मनुष्यानें वाटेवरच्या घायाळाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला उतारशाळेंत नेलें आणि खर्चाचे पैसे पदरचे मोजले. त्या घायाळाचा विश्वास केवढा आहे, याची त्यानें चौकशी केल्याचें लूक लिहीत नाहीं. आणि लूकाला तर पौलानेंच वैद्य म्हटलें आहे.

विश्वास दृढ असला म्हणजे मन आजारी पडत नाहीं, या समजुतीला विल्यम कूपर या इंग्रज कवीचें चरित्र पुरेसें उत्तर आहे. १७६३ सालीं एका जागेसाठीं उमरावांच्या सभेपुढें तोंडी परीक्षा द्यावी लागणार, या धास्तीनें त्याचें मन कोलमडलें आणि त्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला. (परीक्षार्थी मुलांच्या पालकांनीं हा तपशील लक्षांत ठेवावा.) सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन यांच्या देखरेखीखालीं तो सुमारें दीड वर्ष राहिला, बरा झाला, आणि तेथेंच त्याला ख्रिस्तावरील श्रद्धा लाभली. पुढें ऑल्नी गांवीं पाळक जॉन न्यूटन यांच्या सहवासांत त्यानें रचलेलीं भक्तिगीतें १७७९ सालच्या ऑल्नीच्या गीतसंग्रहांत आलीं. देशोदेशींच्या मंडळ्या त्यांतलीं कांहीं आजही गातात. पण त्यापूर्वींच, १७७३ सालीं, आजार उलटला होता. देवानें आपणांस कायमचें टाकलें, या भ्रमांतून तो १८०० सालीं मरेपर्यंत पुरता सुटला नाहीं. ज्याचीं गीतें गाऊन इतरांना धीर आला, त्याला अल्पविश्वासी म्हणण्याची छाती कोणाची आहे?

इंग्रजी शिकलेल्या आमच्या कांहीं मित्रांना येथें आनंद होईल. ते म्हणतील कीं, न्यूटनच्या कठोर धर्मानेंच कूपरला वेड लागलें. त्यांचेंही खरें नाहीं. पहिला झटका आला तेव्हां कूपरनें न्यूटनचें तोंडही पाहिलें नव्हतें. आणि दुसऱ्या झटक्यांत त्याच न्यूटननें त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. धर्म हा रोगाचें कारण नव्हता आणि त्यावरचा हमखास उताराही नव्हता. कूपरला न्यूटनकडून मिळालें तें एक घर आणि न कंटाळणारा एक शेजारी.

आपल्याच देशांतलें उदाहरण हवें असेल तर स्टॅन्ले जोन्स यांचें घ्यावें. हे अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी १९०७ सालीं हिंदुस्थानांत आले आणि कांहीं वर्षांतच मानसिक थकव्यानें वारंवार खचले. आपण सावरलों तें लखनौच्या प्रार्थनामंदिरांत, प्रार्थना करीत असतांना, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. प्रार्थनेचा असा अनुभव घेतलेल्या मनुष्यानें इतरांना काय दिलें? १९५० सालीं त्याच लखनौंत त्यांनीं 'नूर मंझिल' हें मनोविकारांचें रुग्णालय काढलें. आपल्याला आलेला अनुभव हा दुसऱ्याला हुकूम म्हणून देतां येत नाहीं, हें त्यांना कळलें होतें.

इंग्लंडमधील पाळक चॅड व्हारा यांनीं आपल्या सेवेच्या आरंभीं, १९३५ सालीं, जो पहिला दफनविधि केला तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा होता. पहिल्या ऋतुस्रावाला ती गुप्तरोग समजली होती. विचारावें असें तिला कोणी नव्हतें, म्हणून तिनें जीव दिला. १९५३ सालीं व्हारा यांनीं लंडनमधील आपल्या चर्चमध्यें एक टेलिफोन ठेवला आणि त्यांतून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. भेटीसाठीं आलेले लोक बाहेर चहा पीत स्वयंसेवकांशीं बोलतात आणि पुष्कळदां तेवढ्यानेंच हलके होऊन, पाळकाला न भेटतां परत जातात, हें त्यांच्या ध्यानांत आलें. आणि हा मनुष्य इतका प्रामाणिक कीं, पुढच्याच वर्षीं तें ऐकण्याचें काम त्यानें स्वयंसेवकांच्या हवालीं केलें. त्यांना नियम एकच कडक होता: ऐकावें, धर्मोपदेश करूं नये. हा नियम एका पाळकानें घातलेला आहे.

सरकारनेंही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांत असें धरून चालण्याचें ठरविलें कीं, जीव देऊं पाहणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं असतो, आणि त्याला शिक्षा न करतां त्याची शुश्रूषा करावी. मग आमच्या बैठकीच्या खोलींत तरी तो अपराधी कां ठरावा?

प्रार्थना करावीच. आईनें करावी, बापानें करावी. मुलीनें मागितली तर तिच्याजवळ बसून थोडक्यांत करावी, आणि तिला शब्द सुचत नसतील तर ते तिच्याकडून वदवून घेऊं नयेत. मात्र 'बरी झाली' अशी साक्ष देण्याच्या उत्साहांत तिच्या गोळ्या कोणी बंद करूं नयेत; त्या कमी करावयाच्या कीं नाहीं हें डॉक्टरनें ठरवावयाचें आहे. आणि रविवारच्या उपासनेंत तिचें नांव मोठ्यानें घेऊन मंडळीला विनंति करण्याची जी चाल आहे, ती तर ताबडतोब थांबली पाहिजे. सोमवारीं तें नांव साऱ्या वस्तींत पोंचलेलें असतें आणि मंगळवारीं ती मुलगी कॉलेजला जाण्याचें नाकारते. त्यापेक्षां पाळकसाहेबांनीं तिच्या आईबापांबरोबर मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यांतील बांकावर दोन तास बसावें. तेथें मनांतल्या मनांत प्रार्थना करण्यास त्यांना कोणाचीच हरकत असणार नाहीं.