इंजिनाचे पॅकिंग आणि घरचे हात

उधन्यास खानदेशातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत. लग्नकार्य निघाले किंवा गावी कोणी आजारी पडले, म्हणजे ती बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर अशी गावे मागे टाकीत धुळ्याच्या रस्त्याला लागतात. उधना जंक्शनावरून जळगावकडे जाणारी आगगाडी आहेच. परंतु म्हातारी माणसे, मुले आणि सामान एकदम न्यावयाचे असले की दारातली जुनी मारुती ओम्नी आठवते. या गाडीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले. तथापि जपून वापरणाऱ्यांच्या घरी ती अद्याप चालू आहे.

ओम्नीचे ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन नाकाशी नसून पुढच्या आसनांखाली असते. इंजिनाच्या माथ्यावर टॅपेट कव्हर नावाचे झाकण असते व त्याच्या कडेने रबराचे पॅकिंग बसविलेले असते. हे पॅकिंग निकामी झाले की तेल पाझरू लागते. थेंबे थेंबे तळे साचते, त्याचप्रमाणे ते तेल सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त नळावर पडून धूर होतो, आणि तो धूर जिथे आपली माणसे बसतात त्या आसनांखालीच उठतो. तेल फार उतरले तर इंजिन बिघडते. तापल्या लोखंडावर तेल साचत राहिले तर आगीचेही भय असते. कोंडाईबारीच्या घाटात रात्री हे ध्यानात येण्यापेक्षा घरी, उजेडात आलेले बरे.

पॅकिंग कशासाठी, हे प्रथम समजून घ्यावे. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी त्यांत सूक्ष्म उंचसखलपणा असतोच. मधले पॅकिंग दाबले जाऊन त्या फटी भरून काढते व आपल्या लवचिकपणाने भरलेल्या ठेवते. वर्षानुवर्षे उष्णता व तेल लागून रबर टणक होते आणि फट पुन्हा उघडते. रबराचा लवचिकपणा गेल्यास काय होते, हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर सुमारे सव्वा मिनिटात नष्ट झाले व सातही अंतराळवीर मृत्यू पावले. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले होते. पुढे चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने तसल्याच रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ही गोष्ट सर्वांसमक्ष दाखविली. तिथे कारण थंडी होते, इथे उष्णता आहे. परंतु धडा एकच.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग स्वस्त असते. श्रम पडतात ते तिथवर हात पोहोचविण्याचे. थोडेफार पाने चालविण्याची सवय असलेल्या गृहस्थास हे काम घरी करता येते. मात्र पुढील गोष्टी पाळाव्यात.

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत उभी करावी, हँडब्रेक ओढून चाकांना विटा लावाव्यात. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे. रात्री चालविलेल्या गाडीला सकाळी हात लावावा. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी. जवळपास कोणी विडी ओढू नये. गाडीला गॅसचा संच बसविलेला असून त्याची नळी आड येत असेल, तर ती स्वतः सैल करू नये. ते अधिकृत कारागिराचेच काम.

आसन उचलून आतील धूळ प्रथम पुसून घ्यावी, नाहीतर झाकण निघताच ती तेलात पडते. प्रत्येक नळी व तार काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. झाकण चिकटून बसले असल्यास स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, लाकडाने हलके ठोकावे. झाकण निघताच उघड्या भागावर स्वच्छ फडके झाकावे, कारण आत पडलेला एक नट सारे इंजिन मोडू शकतो. जुना चिकटा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. फार जुन्या गाड्यांतील काही पॅकिंगांत ॲसबेस्टॉस असे. तशी शंका आल्यास ते कोरडे घासू नये वा फुंकू नये, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

नवे पॅकिंग खोबणीत नीट बसले आहे, याची बोटाने चाचपणी करावी. सिलिकॉन लावावयाचे ते उत्पादकाने सांगितले असेल तेवढ्याच जागी. सर्व बोल्ट आधी हातानेच फिरवावेत, मग मधून बाहेर, समोरासमोरचे, दोनतीन फेऱ्यांत थोडेथोडे आवळावेत. जितके घट्ट तितके चांगले, ही समजूत खोटी आहे. अति आवळल्याने पॅकिंग चिरडते व बोल्टाचे आटे जातात. आणखी एक तपासणी विसरू नये. इंजिनाच्या श्वासाची नळी तुंबलेली असेल, तर आतील दाबाने नवे पॅकिंगही गळू लागेल. शेवटी तेलाची पातळी पाहावी, इंजिन दहा मिनिटे चालवावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहणी करावी.

आता मर्यादा सांगितली पाहिजे. बाहेर गळती नसताना रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, धूर सतत पांढरा येत असेल किंवा तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर बहुधा दोष हेड पॅकिंगचा आहे. त्यासाठी इंजिनाचे डोके उतरवावे लागते, त्याची सपाटी मोजावी लागते व बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या मापानेच आवळावे लागतात. ते घरी करू जाणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तसे इंजिन चालवू नये. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उसळते.

घरी काम केल्याने मजुरीचे पैसे वाचतात, हा लाभ आहेच. त्याहून मोठा लाभ असा की आसनाखाली काय चालले आहे हे घरच्या माणसास कळते. वडिलांनी हे काम करताना मुलामुलींना कंदील धरावयास नव्हे, तर बोल्ट मोजावयास जवळ बसवावे. कोणते काम आपले आणि कोणते कारागिराचे, हे त्यांना तिथेच उमजेल.