कॅप्सूलचं बिल आहे, बीपीची नोंद नाही

गेल्या पावसाळ्यात चाकणहून एक जोडपं आलं. नवरा कंत्राटी कामगार, बायकोला सातवा महिना. तिचं दोन दिवस डोकं ठणकत होतं. फाईलमध्ये दोन सोनोग्राफी आणि ‘अँटीऑक्सिडंट’ कॅप्सूलची महागडी बिलं. बीपी एकदाही लिहिलेलं नाही! मी मोजलं: १७०/११०. लघवीत प्रोटीन तीन प्लस. तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

हा प्री-एक्लाम्प्सिया. यात वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नीट रुंदावत नाहीत. वारेला रक्त कमी पडतं, फ्री रॅडिकल्स वाढतात आणि आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. शरीराची अँटीऑक्सिडंट फळी अपुरी पडते. पुण्यात भारती विद्यापीठातल्या संशोधकांनीही अशा गर्भवतींमध्ये हा ताण वाढलेला नोंदवला आहे. इथपर्यंत कॅप्सूल विकणारे खरं बोलतात.

पण ‘मग वरून अँटीऑक्सिडंट दिलं की आजार टळेल’ हे खोटं आहे, आणि ते तपासून झालं आहे. ब्रिटनमध्ये सुमारे २,४०० गर्भवतींना जीवनसत्त्व क आणि ई किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहिलं. २००६ साली निकाल आला: आजार टळला नाही, उलट जीवनसत्त्वं घेणाऱ्यांमध्ये कमी वजनाची बाळं जास्त. ‘आपल्याकडे आहार निकृष्ट, इथे उपयोग होईल’ असं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह चार देशांत तेही करून पाहिलं. फायदा नाही. २०११ पासून संघटना स्पष्ट सांगते, यासाठी ही जीवनसत्त्वं देऊ नका. तरी चिठ्ठीवर ती येतातच.

लोहाचा घोळ वेगळाच. मोकळं लोह फ्री रॅडिकल्सना खतपाणी घालतं, आणि या आजारात तांबड्या पेशी फुटून ते वाढू शकतं. फेरिटिन तर सूज असली तरी वाढतं, म्हणून त्यावरून साठा भरलाय असं समजू नका. हिमोग्लोबिन अचानक चढलं म्हणून पेढेही वाटू नका. रक्तातला पातळ भाग कमी होऊन ते नुसतं दाट झालेलं असू शकतं. पण हे वाचून लोहाची सरकारी गोळी बंद कराल तर मी रागावेन. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या गर्भवतींना रक्तक्षय आहे. रोजची ६० मिलिग्रॅमची गोळी घ्याच, तिच्या जोडीला मनाने टॉनिक नको.

उपयोग होतो तो स्वस्त गोष्टींचा. धोका जास्त असेल (आधी हा त्रास झालेला, जुळं, मधुमेह, मूळचं बीपी) तर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, तीही डॉक्टरांना विचारून आणि २० आठवड्यांच्या आत सुरू केलेली. आहारात कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम. आणि दर भेटीत बीपी व लघवीची तपासणी. बीपी १४०/९० झालं की ‘दगदगीमुळे असेल’ हे ऐकून घरी जाऊ नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. दादा, त्या दिवशी शिफ्ट बदलून घ्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर सूज यांपैकी काही झालं तर मात्र ९ तारखेची वाट पाहू नका, रात्र असली तरी निघा.