कुर्बानीची वेळ, प्रार्थनेची वेळ

‘यहुदी लोक कुर्बानी करतात का?’ बकरी ईदची सुट्टी संपली की वर्गातून हा प्रश्न हमखास येतो. आज करत नाहीत. पण एके काळी रोज करत असत.

जेरुसलेमच्या त्यांच्या इबादतगाहला हिब्रूत ‘बेत हमिकदाश’ म्हणतात. आपला ‘बैतुल मकदिस’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. तिथं दररोज दोन कोकरं कुर्बान होत, एक सकाळी आणि एक दिवस कलल्यावर. या कुर्बानीचं नाव ‘तामीद’, म्हणजे नित्याची. इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसच्या फौजेनं ती इमारत जाळली. तौरातच्या हुकुमानुसार कुर्बानी ठरलेल्या जागीच करायची. ती जागाच गेली, मग इबादत कशी करायची?

कुर्बानी बंद पडली म्हणून तिच्या जागी प्रार्थना आली, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. प्रार्थना आधीपासूनच कुर्बानीच्या शेजारी होती. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’त नोंद आहे की, सकाळच्या कुर्बानीचं काम चालू असतानाच पुरोहित मध्ये थांबून एकत्र जमत आणि दहा आज्ञा व ‘शमा’ म्हणत. त्याहून मोलाची माहिती ‘मामद’ची आहे. लोकांच्या 24 पाळ्या लावलेल्या होत्या. ज्यांची पाळी येई, त्यांच्यातले पुरोहित जेरुसलेमला जात आणि सामान्य लोक आपापल्या गावी जमून तौरातमधला सृष्टीच्या निर्मितीचा भाग वाचत. कोकरू सगळ्यांच्या वतीनं दिलं जातं, तर ज्याची कुर्बानी तो गैरहजर कसा चालेल, हा त्यामागचा सवाल. शेतकऱ्याला जेरुसलेम गाठता आलं नाही, तरी पठण करून तो त्या कुर्बानीत सामील होई.

त्यामुळे वेदी गेल्यावरही वेळा उरल्या. सकाळची प्रार्थना ‘शहरीत’, दिवस कलल्यावरची ‘मिन्हा’. तल्मूदमध्ये एक मत असं आहे की प्रार्थना हजरत इब्राहीम, इसहाक आणि याकूब (अलैहिमुस्सलाम) यांनी घालून दिल्या. दुसरं मत, त्या तामीदवरून ठरल्या. गंमत रात्रीच्या प्रार्थनेची. रात्री कोकरू नसे, दिवसाच्या कुर्बानीतले उरलेले तुकडे आणि चरबी तेवढी वेदीवर जळत राही. मग ही प्रार्थना सक्तीची की ऐच्छिक? रब्बान गम्लिएल म्हणाले सक्तीची, रब्बी यहोशुआ म्हणाले ऐच्छिक. पुढे निकाल ऐच्छिक असा लागला, पण लोक ती नेमानं करतच राहिले.