इंटिरिअरच्या वर्गात सुतार हवा




बारावीचा निकाल लागला की इंटिरिअर डिझाइनच्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती झळकू लागतात. संगणकावर रंगवलेले दिवाणखाने, छतात लपवलेले दिवे, एकही वायर न दिसणारी टीव्हीची भिंत. पहिल्या वर्षाला येणारी मुले हेच करायला मिळेल या ओढीने येतात आणि अनेक वर्गांत त्यांना आधी सॉफ्टवेअरच हाती मिळते. प्रत्यक्ष साइट, प्लाय, मिस्त्री यांची गाठ पडते ती फार उशिरा. हा क्रम उलटा आहे.

परिचयातल्या एका विद्यार्थिनीने पहिल्या वर्षी स्वयंपाकघराचा आराखडा केला. थ्रीडी चित्र देखणे होते, वर्गात कौतुकही झाले. पुढे नात्यातल्या एका घराचे काम निघाले, तेव्हा हाच आराखडा घेऊन ती साइटवर गेली. मिस्त्रींनी कागद उलटसुलट पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘ताई, चॅनेलला जागा कुठे ठेवलीत?’ ड्रॉवर सरकतो तो दोन्ही बाजूंच्या चॅनेलवर आणि प्रत्येक चॅनेलला साधारण अर्धा इंच लागतो. म्हणजे खण कप्प्यापेक्षा इंचभर अरुंद करावा लागतो. तिच्या चित्रात खण आणि कप्पा एकाच मापाचे होते, आणि चित्रात ते बिनतक्रार उघडतही होते.

मग मिस्त्रींनी कोपरा तपासला. एका भिंतीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजले. कोपरा गुण्यात असता तर ते बरोबर पाच फूट भरले असते. ते भरले पाच फूट चार सूत. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे फरक फक्त अर्ध्या इंचाचा. पण काटकोनात कापलेला ग्रॅनाइटचा ओटा तिथे बसवला असता, तर आठ फुटांच्या बाजूच्या टोकाला भिंत आणि दगड यांच्यात दीड इंचाहून मोठी फट राहिली असती. पायथागोरसचा सिद्धांत ती शाळेतच शिकली होती. त्याचा उपयोग तिला समजला तो एका सुताराकडून.

यात तिचा दोष नाही. संगणकात भिंती सरळच असतात, म्हणून घरातल्या भिंतीही तशाच असतील असे नवख्याला वाटणारच. आठ बाय चारच्या प्लायमधून पल्ले कसे काढायचे, कपाटाची बाजू आठ फूट तीन इंच दाखवली की जोड कुठे येतो आणि किती माल वाया जातो, हे तिला पडद्यावर कळायला मार्ग नव्हता.

मापे पुस्तकातून उचलण्याचा धोका याहून मोठा आहे. अमेरिकी संदर्भग्रंथांत स्वयंपाकाचा ओटा ३६ इंच उंच असतो. तिथे शेगडी ओट्यातच बसवलेली किंवा ओट्याच्या पातळीला असते. आपल्याकडे ती बहुतेक घरांत ओट्यावर ठेवलेली असते, वर कुकर चढतो, शेजारी पोळपाट येतो. पाच फुटांहून कमी उंचीच्या बाईने त्या ओट्यावर रोज वीस पोळ्या लाटायच्या म्हटल्या, तर तिचे खांदे भरून येणार. नवशिक्याने पहिली चार माणसे मोजावीत ती आपल्याच घरातली, आणि तीही काम करताना.

हा विचार काही नवा नाही. वास्तुरचनाकार मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले, ते गृहिणीची पावले आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ मोजून. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची ती खोली. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आपल्याकडे मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या एका खोलीत पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. मोरी, माळा, घडीचा पलंग, दारामागची फळी यांची मापे घेत पहिली सहामाही काढली, तरी विद्यार्थ्याच्या हाती कितीतरी येईल.

यावर संस्थाचालकांचे उत्तर ठरलेले असते: ऑफिसांना सॉफ्टवेअर येणारीच मुले हवी असतात. ते खरे आहे. नकाशा वाचता न येणाऱ्या ग्राहकाला थ्रीडी चित्राची मदत होते, हेही खरे. सॉफ्टवेअर शिकवूच नये असे कुणीच म्हणत नाही. पण त्याच्या आवृत्त्या बदलत राहतात आणि नवी आवृत्ती मुले आपली आपण शिकतात. लाकूड पावसाळ्यात फुगते, नुसता दमटपणा सोसणारा एमआर प्लाय सिंकखाली टिकत नाही, तिथे पाण्याला दाद न देणारा बीडब्ल्यूपी लागतो, हे मात्र कुणीतरी हातात तुकडा देऊन शिकवावे लागते.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे. नोंदणीशिवाय ती लावता येत नाही. इंटिरिअर डिझायनरला असे कायदेशीर बंधन नाही. तीन महिन्यांचा कोर्स केलेला आणि चार वर्षांची पदवी घेतलेला, दोघेही तीच पाटी लावू शकतात. म्हणून काय शिकवले जाते याची चौकशी फी भरण्यापूर्वी आपणच केली पाहिजे.

संस्थांना विनंती एवढीच की, पहिल्या सहामाहीत आठवड्याचा एक दिवस साइटसाठी ठेवावा आणि अनुभवी सुतार, गवंडी, इलेक्ट्रिशियन यांना मानधन देऊन अध्यापक म्हणून वर्गात बोलवावे. पालकांनीही प्रवेश घेताना संगणक किती आहेत हे विचारण्याआधी कार्यशाळा कुठे आहे, ती दाखवा, असे म्हणावे.

आपला,
एक वाचक, पुणे