गाडीची शाकारणी

जुन्या मोटारीचे कापडी छत बदलले की ती 'अस्सल' राहत नाही, असे ठासून सांगणारी काही मंडळी असतात. दुसरी मंडळी अगदी उलट टोकाची. छताचे काय एवढे, मिळेल ते रेक्झिन ताणून ठोकले की झाले, असे त्यांचे म्हणणे. मला आज या दोघांशीही भांडायचे आहे.

आधी अस्सलवाल्यांशी. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. फुटके नळे बदलले म्हणून ते घर आजोबांचे राहिले नाही, असे कुणी म्हणते का? कापडी छत हे मुळातच झिजणारे. ऊन, पाऊस, उंदीर आणि रोजची घडी, यांतून ते किती टिकणार? बरे, ते लाकडी पट्ट्यांवर चुका मारून बसवलेले असते. चुका उपसल्या की निघते, गाडीला ओरखडाही येत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज वाहनांचे नियम केले, त्यातही ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात हवी म्हणताना चासिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांतल्या फेरफारांवर बोट ठेवले आहे. फाटके कापड बदलणे त्यात कुठे बसते?

आता रेक्झिनवाले. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये शेवरोले जुळवायला सुरुवात केली. त्या काळच्या उघड्या टूरर गाड्यांवर बहुधा रबराचा थर दिलेले कापड असे. आज बाजारात रेक्झिन म्हणून मिळते ते बहुतेक पीव्हीसी, ते तेव्हा गाड्यांच्या छतावर आलेलेच नव्हते. म्हणजे इथे अस्सलपणा खरोखरच जातो, आणि नेमके इथे कुणी ओरडत नाही!

आमच्या एका नातेवाइकांच्या टूररचे छत एका दुकानाने असेच 'बसवून' दिले. जुने कापड कचऱ्यात, माप अंदाजाने. मधल्या कमानीपाशी झोळ पडला. पहिल्याच पावसाळ्यात तिथे पाणी साचले आणि चुकांच्या भोकांतून कमानीत मुरले. लाकूड कुजले. याच मालकांनी बंपरच्या क्रोमवर वारेमाप खर्च केला होता आणि छताच्या शिलाईवर मात्र भाजीवालीशी करावी तशी घासाघीस. राग येतो तो याचा.

चांगला टपवाला काय करतो ते एकदा बसून पाहा. तो आधी कापडाला हात लावत नाही, कमानी तपासतो. कुजलेली पट्टी बदलतो. कमानींमधले अंतर धरून ठेवणारे पट्टे नवे घालतो, कारण ते सैल असले तर वरचे कापड कधीच नीट बसत नाही. जुने छत उसवून प्रत्येक तुकडा सपाट पसरतो, त्यावरून नवे बेततो. पण जुने कापड ताणले वा आटले असणार हे जाणून माप पुन्हा सांगाड्यावर पडताळतो. कापडाच्या मध्यावर खडूची रेघ ओढतो. चुका आधी अर्ध्याच मारतो, मधून सुरुवात करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सुरकुती दिसली तर उपसून पुन्हा. सगळे तंग बसले की मगच चुका पुरत्या ठोकतो. शेवटी शिवणीच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून त्या बुजवतो.

हे काम पुस्तकातून येत नाही. जीपची हुडे शिवणारे, टांग्यांचे टप शिवणारे हात आपल्या गावागावांत होते. टांगे गेले, हुडांच्या जागी पत्र्याची छते आली. उरलेल्या चारदोन कारागिरांना आपण सीटकव्हरांवर बसवले आणि वर म्हणतो, हल्ली माणसेच मिळत नाहीत! त्यांच्या मुलाने हा धंदा का करावा? मजुरी देताना आपला हात का आखडतो?

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे: फाटके छत कितीही चिंधड्या झालेले असो, नवे बसेपर्यंत फेकू नका. तोच तुमच्या गाडीचा खरा नकाशा. आणि नवे बसल्यावर ते ओले असताना घडी घालू नका, बुरशी धरते.

कुणाचे मत वेगळे असेल तर जरूर कळवा. भांडायला मी तयार आहे.