बेकनच्या आधीचे काही सेकंद

बारामतीहून इंदापूरकडे जाताना ‘डुक्कर’ म्हटलं की लोक उसाच्या फडाकडे बोट दाखवतात. रानडुक्कर, नासधूस, वैताग! पाळलेल्या डुकराचं नाव कुणी काढत नाही. आपणही नाही. पुण्यात ब्रेकफास्टला ते ‘बेकन’ होऊन येतं ना, मग झालं!

खावं की नाही, हा तुमचा प्रश्न, बॉस. माझा प्रश्न वेगळा : ते मेलं कसं?

२००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावराला दुसऱ्यासमोर कापता येत नाही. बेशुद्ध करायला वेगळी जागा हवी. पशुवैद्यानं तासाला १२ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. डुकराच्या डोक्याला विजेचा झटका नीट बसला, तर शुद्ध लगेच जाते. पण रक्तवाहिनी कापायला उशीर झाला, की ते पुन्हा शुद्धीवर येतं. सगळा खेळ त्या काही सेकंदांचा.

आणि हे नियम दिवसाला किमान १० जनावरं कापणाऱ्या कत्तलखान्यांसाठी. गावात आडोशाला कापलेल्या एका डुकराकडे कोण बघणार?

म्हणून सॉसेज घेताना भावाबरोबर एवढंही विचारा : कुठल्या कत्तलखान्यातलं? उत्तर नसेल, तर मी पाकीट परत ठेवते. तुम्ही?