वापरपुस्तिका पूर्ण केव्हा होते?

व्यावहारिक मराठीच्या अध्यापनात जाहिरात, वृत्तलेखन आणि पत्रव्यवहार यांना स्थिर स्थान लाभले आहे. एखादे यंत्र वा वस्तू कशी वापरावी हे सांगणारी वापरपुस्तिका मात्र बहुधा उपेक्षित राहते. जेथे ती शिकवली जाते तेथेही विद्यार्थ्याचे लेखन शुद्ध व मुद्देसूद झाले की ते पूर्ण झाले, असे मानण्याकडे कल असतो. हा निकष अपुरा आहे. ज्याच्यासाठी पुस्तिका लिहिली त्याने ती वाचून आपले काम बिनचूक पार पाडले, तरच ती पूर्ण झाली असे म्हणता येईल.

साहित्याच्या अभ्यासकाने हा लेखनप्रकार परका मानण्याचे कारण नाही. सज्जनगडाच्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षराचे वळण, ओळींची मांडणी, भोवताली सोडावयाची जागा, लेखणी, शाई, कागद अशा बाबी तेथे क्रमाने येतात. पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या समाप्तीपर्यंत हात एकच दिसावा, अशी अपेक्षाही तेथे आहे. हे निरूपण अर्थातच कृती करणाऱ्या वाचकासाठी आहे.

याच परिसरात आधुनिक काळातही अशा लेखनाची गरज निर्माण झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या लोखंडी नांगराला आरंभी शेतकऱ्यांच्या साशंकतेला तोंड द्यावे लागले. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत तेव्हा रूढ होती. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे वार्तापत्र निघाले आणि पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. मराठीतील एका महत्त्वाच्या नियतकालिकाचे मूळ यंत्र आणि त्याचा वापर करणारा यांच्या संबंधात आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

आज तासगाव किंवा मिरज परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने पाठीवरच्या फवारणी पंपाची पुस्तिका लिहावयास घेतली, असे समजू. साहित्याच्या वर्गात कमावलेले काही गुण येथे दोष ठरतील. निबंधात पुनरुक्ती टाळण्यासाठी पर्यायी शब्द योजणे इष्ट मानले जाते. पुस्तिकेत मात्र एकाच भागाला एकदा ‘झडप’, पुढे ‘व्हॉल्व्ह’ आणि नंतर ‘पडदा’ म्हटले, तर वाचक तीन निरनिराळे भाग शोधू लागेल. एका भागास एकच नाव असावे, आणि ते दुकानात व शेतात चालणारे असावे. ‘नोझल’ आणि ‘वॉशर’ यांना संस्कृत पर्याय शोधण्यात भाषेची सेवा होत नाही.

क्रियापदांचाही प्रश्न आहे. ‘दाब कमी करण्यात यावा’ या कार्यालयीन रचनेत कर्ताच हरवतो. ‘दाब सोडून झाकण उघडा’ हे वाक्य सुटसुटीत असले तरी त्यातील पहिली कृती ‘सोडून’ या धातुसाधितात दडते आणि घाईच्या वाचकाच्या नजरेतून निसटते. ‘आधी दाब सोडा. मग झाकण उघडा.’ ही दोन वाक्ये रुक्ष वाटतील, परंतु अपघात टाळतील.

प्रमाणाविषयीही हेच म्हणावे लागते. उदाहरणार्थ, लिटरमागे २ मिलि औषध सांगितले असेल, तर १५ लिटरच्या टाकीस ३० मिलि लागते. हा हिशेब लेखकाने करून द्यावयास हवा. तसेच बाटलीचे झाकण हे माप नव्हे, हेही स्पष्ट लिहावयास हवे. कारण झाकणे लहानमोठी असतात.

येथे केवळ शैलीचा प्रश्न नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार वेष्टनात माहितीपत्रक असावे लागते आणि त्यात प्रादेशिक भाषेचाही समावेश करावा लागतो. विषारीपणाची पातळी लाल, पिवळ्या, निळ्या व हिरव्या त्रिकोणाने दाखवली जाते. असे असूनही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यास अनेक कारणे होती, आणि सर्व दोष पत्रकाच्या भाषेवर टाकणे अन्यायाचे होईल. मात्र मराठीत मजकूर असणे आणि तो मराठी वाचकास कळणे यांत अंतर असते. हे अंतर मोजणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे.

ते मोजण्याची रीत अवघड नाही. विद्यार्थ्याने पहिला खर्डा पंप कधीही न हाताळलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावा. टाकीत औषधाऐवजी साधे पाणी असावे. वाचक काम करीत असताना विद्यार्थ्याने काहीही सांगू नये. वाचक कोठे अडखळतो आणि कोणती पायरी गाळतो, एवढेच टिपावे. मग मजकूर दुरुस्त करून नव्या वाचकाकडे द्यावा. कोणताही प्रश्न न विचारता काम पार पडले, की पुस्तिका पुरी झाली असे समजावे. गुणदानात पहिल्या आणि अखेरच्या खर्ड्यांतील फरकाला स्वतंत्र स्थान असावे.

मराठी विभागांनी व्यवसायशिक्षण का द्यावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तंत्रज्ञानाचे ज्ञान शिक्षकाजवळ नसते, हीही अडचण खरी आहे. ती दूर करण्याची सोय मात्र जवळच आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून कार्यरत आहे. यंत्राची अचूकता तेथील अध्यापकांनी तपासावी, वाक्याची मराठीच्या अध्यापकांनी. मूळ आक्षेपाचे उत्तर याहून सोपे आहे. वाचकाला काय कळते आणि कसे कळते, हा साहित्यविचाराचा जुनाच प्रश्न आहे. कवितेच्या बाबतीत त्याच्या उत्तरावर मतभेद होऊ शकतात. फवारणीच्या पुस्तिकेत त्याचे उत्तर तत्काळ मिळते, आणि ते चुकले तर त्याची किंमत वाचकाला मोजावी लागते.